ग्लास फायबरचं कापड वेडंवाकडं होऊ न देता साच्यावर कसं बसवायचं

मी केलेलं पहिलं फायबरचं काम म्हणजे एक मीटर बाय एक मीटरचं सपाट पॅनेल. चार थर, बस. प्रत्येक थर कापला, दोन कोपरे चिमटीत धरून ओल्या चादरीसारखा उचलला, पाच पावलं चालून साच्यावर टाकला आणि हातानं ओढून-ताणून चौकोन जुळवला. दिसायला सगळं झकास. दुसऱ्या दिवशी पॅनेल सुटलं, टेबलावर ठेवलं, तर ते समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर डुगडुगायला लागलं. कापडात मुरणाऱ्या चिकट द्रवाला, म्हणजे रेझिनला, कडक करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण चुकलं असणार, असं मी पुढचा आठवडाभर धरून चाललो होतो. प्रमाण बरोबर होतं. चूक त्या पाच पावलांत झाली होती.

नवीन माणूस सगळी काळजी रेझिनची करतो. कापड मात्र बहुतेक वेळा रेझिनचा डबा उघडण्याआधीच बिघडलेलं असतं: रोल उलगडताना, कापताना, टेबलावरून साच्यापर्यंत नेताना. म्हणून या लेखात रेझिनबद्दल कमी आणि कापड हाताळण्याबद्दल जास्त आहे.

कापड वाकडं होतं म्हणजे नेमकं काय होतं

काच ताणली जात नाही. जवळपास नाहीच म्हणा. ई-ग्लासचा, म्हणजे नेहमीच्या फायबर कापडातल्या काचेचा, तंतू 5 टक्के लांबायच्या आतच तुटतो. त्यामुळे तुम्ही ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेनं ओढलंत किंवा बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्यांच्या दिशेनं ओढलंत, तरी कापड हटून बसतं. पण तिरकं, उरेब ओढलंत की तेच कापड रबरासारखं लांबतं. धागे लांबत नाहीत, त्यांच्यामधला काटकोन मोडतो. चौकटीच्या खिळ्यांवर लाकडी पट्ट्या फिराव्यात तसे धागे एकमेकांवर फिरतात आणि चौकोनाचा शंकरपाळा होतो.

हे डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण टेपनं मोजता येतं. एक मीटर चौरस तुकड्याचे दोन्ही कर्ण 141 सेंटीमीटरच्या आसपास असायला हवेत. काटकोन फक्त 1 अंशानं बिघडला तरी दोन कर्णांत अडीच सेंटीमीटरचा फरक पडतो. 5 अंशांनी बिघडला तर एक कर्ण साधारण 147 आणि दुसरा 135 होतो. कर्ण मोजायला अर्धा मिनिट लागतो. सुरुवातीच्या दहा-बारा कामांत हा अर्धा मिनिट घालवाच. सपाट कामात 5 अंशांच्या आत राहिलात तर मी तक्रार करणार नाही. 2 अंशांत राहिलात तर हात बसला असं समजा.

एवढा आटापिटा कशासाठी? लॅमिनेटची, म्हणजे कापड आणि रेझिनच्या थरांच्या पक्क्या पत्र्याची, ताकद धाग्यांच्या दिशेत असते. धागा भाराच्या रेषेतून सरकला की तो भार मधल्या रेझिनवर येतो आणि रेझिन काचेच्या मानानं अगदीच दुबळं. शिवाय प्रत्येक थर वेगळ्या बाजूला कलला, की रेझिन पक्कं होताना आकसतं तेव्हा पॅनेल पिळवटतं. माझं डुगडुगणारं पॅनेल त्याचंच पिल्लू.

कुठलं कापड किती खोडकर

साधी विण, म्हणजे एक धागा वर एक खाली, सगळ्यांत शांत. जागच्या जागी राहते, पण गोल आकारावर बसायला कुरकुरते. ट्विलमध्ये विणीची तिरकी रेघ दिसते. ते वळतंही बरं आणि आवरतंही. सॅटिनमध्ये धागा कितीतरी धाग्यांवरून मोकळा जाऊन मग एकाखाली दबतो. ते पाण्यासारखं वाहतं, घुमटावर अलगद बसतं आणि तुमची पाठ वळली की वाकडं होतं. सॅटिनच्या दोन बाजूही सारख्या नसतात: एका बाजूला ताणा जास्त दिसतो, दुसरीकडे बाणा. कुठली बाजू वर ठेवायची हे पहिल्या थराआधीच ठरवा.

शिकायला 160 ते 200 जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचं) साध्या विणीचं किंवा ट्विल कापड घ्या. 50 जीएसएमच्या आतलं कापड कोळ्याच्या जाळ्यासारखं असतं, श्वासानंही हलतं. ते पहिल्या महिन्यात नकोच. मॅट, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या तंतूंची चटई, ही वेगळीच जात आहे. तिच्याबद्दल शेवटी.

रोल

रोल आडवा ठेवा, जमल्यास मधल्या नळीतून दांडा घालून टांगा. उभा करून कोपऱ्यात टेकवला की खालची कड चेपते आणि थर हळूहळू घसरतात. घडी तर अजिबात घालू नका. घडीची रेघ रेझिनमध्येही दिसत राहते. कोरड्या जागी ठेवा. थंड जागेतून आणला असेल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच आवरण काढा, नाहीतर कापडावर दमटपणा धरतो.

कापड ओढून काढायचं नसतं. रोल फिरवायचा, कापड आपोआप उतरतं. एका हातानं एक काठ धरून ओढलं की तो काठ पुढे येतो, मधला भाग मागे राहतो आणि बाणा धनुष्यासारखा वाकतो. ही चूक कर्ण मोजूनही सापडत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच वाकलेल्या असतात. ती पाहायची तर टेबलावर काठाला काटकोनात एक सरळ पट्टी ठेवा आणि बाण्याचा एक धागा पट्टीच्या बरोबरीनं जातो का, ते बघा. काही कापडांत ठरावीक अंतरावर रंगीत धागा विणलेला असतो. असं कापड मिळालं तर आनंदानं घ्या.

कापणं

टेबल कापडापेक्षा मोठं हवं. कापड टेबलाखाली लोंबलं की त्याच्या स्वतःच्या वजनानं ओढ बसते. टेबल पुसून घ्या, खडबडीत लाकडावर जाड प्लास्टिक अंथरा. एक फास अडकली की एक धागा बाहेर येतो आणि त्याच्यासोबत हातभर सुरकुती.

हातमोजे घालूनच कापडाला हात लावा. खाजेसाठी तर आहेच, पण हाताचा तेलकटपणा कापडाला लागला की तिथे रेझिन नीट धरत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. खाज सुटलीच तर चोळू नका, थंड पाण्यानं धुवा.

सरळ रेघेसाठी सगळ्यांत प्रामाणिक पट्टी कापडातच असते. जिथे कापायचं तिथला बाण्याचा एकच धागा काठापासून हळूहळू ओढून काढा. त्याच्या जागी एक बारीक रिकामी रेघ उरते आणि ती कापडाच्या विणीशी शंभर टक्के समांतर असते. जाडसर, साध्या विणीत हे छान जमतं. बारीक कापडात धागा मध्येच तुटतो. तिथे पट्टी लावून आखा.

मग त्या रेघेवर 25 मिलीमीटर रुंदीची मास्किंग टेप चिकटवा आणि टेपच्या बरोबर मधून कापा. अर्धी टेप या तुकड्यावर राहते, अर्धी त्या. कडेच्या दशा निघत नाहीत आणि तुकड्याला चौकट मिळते. टेप चिकटवताना ताणू नका. ताणलेली टेप परत आकसते आणि कड चुणते. टेपसाठी चारी बाजूंनी तीनेक सेंटीमीटर जास्तीचं कापड धरा, कारण टेप लॅमिनेटच्या आत कधीही जाऊ द्यायची नसते.

हत्यार म्हणाल तर गोल पात्याचा रोटरी कटर उत्तम, खाली कटिंग मॅट. कात्री चालेल, पण कात्री कापड उचलते आणि उचललं की सरकवते. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकवूनच पुढे न्या. काच धार पटकन खाते. पातं धागे कापायच्या ऐवजी ढकलायला लागलं की त्याच क्षणी बदला. पात्यात वाचवलेले पैसे कापडात जातात.

उरेब तुकडे, म्हणजे 45 अंशांत कापलेले, वेगळी काळजी मागतात. त्यांच्या दशा कमी निघतात, पण उचलताच ते लांबतात आणि अरुंद होतात. म्हणून ते मोकळे उचलायचेच नाहीत. कसे न्यायचे ते पुढे येतंय. हीच उरेब पट्टी गोल काठावर मात्र अशी बसते, की शिंप्यानं गळ्याला लावलेली पट्टी आठवावी. कापडाच्या ज्या खोडीला आपण शिव्या घालतो, तिचंच इथे काम होतं.

प्रत्येक तुकड्याच्या टेपवर थराचा क्रमांक आणि ताण्याच्या दिशेचा बाण काढा. चौरस तुकडा 90 अंशांत फिरला तर कुणालाच कळत नाही.

नेणं: इथेच खरी परीक्षा

कोपरे धरून उचलायचं नाही, हे एव्हाना कळलं असेल. मग उचलायचं कसं? तीन पद्धती मी वापरतो.

पहिली, नळीवर गुंडाळून. पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसीची स्वच्छ नळी, तुकड्याच्या रुंदीपेक्षा लांब. ताण्याच्या दिशेनं, ओढ न देता, कापड तिच्यावर गुंडाळा. साच्यावर एका टोकाला कड टेकवा, आणि नळी पुढे लोळवत कापड उतरवा. मोठ्या सपाट कामाला याहून चांगलं काही नाही. दोन माणसं असतील तर एकानं नळी धरायची, दुसऱ्यानं फक्त पहिली कड दाबून ठेवायची. दोघांनी मिळून कापड ताणायचं नाही. दोन माणसं कधीच सारखं ताणत नाहीत.

दुसरी, प्लास्टिकच्या मधून. छोटे तुकडे, पट्ट्या, उभ्या भिंती, उरेब थर, सगळ्यांसाठी हीच, आणि एकच पद्धत शिकणार असाल तर ही शिका. टेबलावर जाडसर पॉलिथिन अंथरा. त्यावर कापड हव्या त्या मापापेक्षा थोडं मोठं ठेवा. रेझिन ओता, पसरू द्या, वरून दुसरं पॉलिथिन टाका आणि स्क्वीजीनं, म्हणजे रेझिन पसरवायच्या सपाट पट्टीनं, रेझिन सगळीकडे फिरवा. आता ते कापड दोन प्लास्टिकांच्या मध्ये अडकलंय. त्याला वाकडं व्हायला मुभाच नाही. वरच्या प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला मार्करनं आकार आणि ताण्याचा बाण आखा. शाई रेझिनला लागत नाही. मग रोटरी कटरनं तिन्ही थर एकदम कापा. कड अशी स्वच्छ येते, की एकही दशी नाही.

आता खालचं प्लास्टिक काढा, तुकडा साच्यावर टेकवा. बसला नाही? उचला, परत टेकवा. वरचं प्लास्टिक असेपर्यंत कितीही वेळा चालतं. जागा पटली की वरून हलक्या हातानं दाबा आणि मग ते प्लास्टिक काढा. ते वर उपटायचं नाही. कोपरा सोडवा, प्लास्टिक स्वतःवरच पूर्ण उलटं दुमडा आणि पृष्ठभागाला घासत, धाग्यांच्या दिशेत मागे न्या. दुसऱ्या हाताची बोटं प्लास्टिकच्या घडीच्या अगदी मागे, कापडावर टेकलेली हवीत. एक लक्षात ठेवा: आकार ज्या बाजूनं आखला, तीच बाजू साच्यावर टेकवताना वर राहते. उजव्या-डाव्या जोडीत मी एकदा दोन डावे भाग कापून ठेवले होते.

तिसरी पद्धत कोरड्या कापडाला चिकटा देण्याची: स्प्रेचा गोंद अगदी धुक्यासारखा मारायचा आणि कापड साच्यावर टेकवायचं. इन्फ्युजनच्या कामात, म्हणजे कोरडं कापड आधी बसवून मग हवा ओढून त्यात रेझिन शिरवतात तिथे, ती सोयीची आहे. पण रेझिनशी जुळणाराच स्प्रे हवा, आणि तोही नाममात्र. जास्त झाला तर रेझिन काचेपर्यंत पोहोचत नाही. नवशिक्याचा हात हमखास जड पडतो, म्हणून मी ती सुचवत नाही.

साच्यावर बसवणं

साच्याच्या कडेवर, लॅमिनेटच्या बाहेर, मध्यरेषेच्या खुणा आधीच करून ठेवा. कापडाच्या मध्यावरही टेपच्या तुकड्यांनी खुणा करा. खुणेला खूण जुळली की अर्धं काम झालं.

खाली रेझिनचा पातळ हात मारून घ्या, पण डबकं नको. रेझिन जास्त झालं की कापड त्यावर तरंगतं आणि स्क्वीजी लागताच होडीसारखं सरकतं. उभ्या भिंतीवर तर ते खाली ओघळत येतं. तिथे पहिला हात थोडा चिकट होईपर्यंत थांबा, मग थर टेकवा.

सपाट पृष्ठभागावर काही फार सांगण्यासारखं नाही: मधून बाहेर, तळहात सपाट ठेवून. खरी मजा गोल आकारावर. समजा उलटी बादली किंवा घुमट आहे. सगळ्यांत वरच्या बिंदूवर कापड टेकवा. आधी ताण्याच्या रेषेत, मध्यापासून दोन्हीकडे खाली, एक पट्टा बसवा. मग बाण्याच्या रेषेत दुसरा. आता कापडावर अधिकचं चिन्ह पक्कं बसलंय आणि मध्ये चार मोकळे कोपरे फुगलेत. जो काही काटकोन मोडायचा तो या चार कोपऱ्यांतच मोडणार. तळहातानं प्रत्येक कोपरा मध्यापासून खाली उरेब दिशेत उतरवत न्या, चारही थोडे थोडे, आळीपाळीनं. एकच कोपरा पूर्ण बसवून मग दुसरा घेतला तर सगळी चुणी शेवटच्या कोपऱ्यात जमते. म्हणजे गोल कामात कापड वाकडं होतंच. ते कुठे आणि किती होऊ द्यायचं हे आपण ठरवायचं, एवढंच.

धागे एका मर्यादेपलीकडे फिरत नाहीत. एकमेकांना भिडले की कापड उभं राहतं आणि सुरकुती पडते. ती दाबून जात नाही. कडेपासून सुरकुतीपर्यंत चीर द्या, दोन्ही ओठ 25 मिलीमीटर एकावर एक ठेवा. पुढच्या थराची चीर दुसऱ्या जागी येऊ द्या.

खोल साच्यात उलटं: सुरुवात सगळ्यांत खोल जागेपासून. कड आधी चिकटवली की कापड कोपऱ्यात तंबूसारखं ताणून राहतं आणि खाली पोकळी उरते. काटकोनी आतला कोपरा असेल तर आधी दाट केलेल्या रेझिननं तिथे गोलाई भरून घ्या. काचेला धारदार वळण आवडत नाही.

ब्रश आणि स्क्वीजी

ब्रशनं रंग द्यायचा नाही, टिपायचं. उभा ब्रश, टप-टप. ब्रश ओढला की केसांना धागे अडकतात.

स्क्वीजी आडवी झुकवून धरा, पहिली फेरी अगदी हलकी, फक्त रेझिन पसरवण्यापुरती. मग दोन-तीन मिनिटं थांबा. हे थांबणं नवशिक्याला जड जातं, पण याच वेळात रेझिन धाग्याच्या आत, शेकडो तंतूंच्या मधे शिरतं आणि पांढरं कापड पारदर्शक होतं. जे काम रेझिन आपण होऊन करतंय ते जोर लावून करायला गेलात की कापड सरकतं. त्यानंतरच्या फेऱ्या थोड्या दाबानं, मध्यापासून बाहेर आणि नेहमी धाग्यांच्या दिशेत. तिरकी ओढलेली एक जोरदार फेरी आधीची सगळी मेहनत घालवते. मोकळा हात कापडावर, फेरी जिथून सुरू होते तिथे ठेवा.

पांढरा ठिपका म्हणजे हवा किंवा कोरडा भाग. चकचकीत डबकं म्हणजे जास्तीचं रेझिन. विण स्पष्ट दिसते आणि पृष्ठभाग मंद ओला दिसतो, तेव्हा बरोबर. हातानं केलेल्या कामात विणलेल्या कापडाला साधारण त्याच्याच वजनाइतकं रेझिन लागतं: एक चौरस मीटर 200 जीएसएमला 200 ग्रॅमच्या आसपास.

घाई ही कापडाची मोठी शत्रू आहे आणि घाई होते रेझिन गरम व्हायला लागल्यावर. म्हणून थोडं-थोडं कालवा, आणि कालवलेलं पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं तापून लवकर घट्ट होतं. खोली 10 अंशांनी गरम असेल तर हाताशी असलेला वेळ जवळपास निम्मा होतो.

वाकडं झालंच तर

रेझिन पातळ आहे तोवर दुरुस्ती आहे. कुठला कर्ण आखूड झालाय ते बघा आणि त्याच कर्णाच्या दोन टोकांना, दोन्ही हातांनी एकदम, हळू ओढा. चिमटीनं नाही, चार बोटं सपाट टेकवून, हातभर रुंदीवर. लांब कर्ण ओढलात तर बिघाड वाढतो. सुरकुती असेल तर ती ज्या धाग्यांना आडवी आहे, त्याच धाग्यांच्या टोकांशी कड धरून बाहेर ओढा. ओढायची जागा कड असते, सुरकुती नव्हे.

रेझिन मधासारखं तार धरू लागलं की हात काढून घ्या. त्यानंतर ओढलेला धागा सरकत नाही, सोबत अख्खा थर उचलतो. राहिलेली सुरकुती पक्की झाल्यावर घासून काढा, मास्क लावून, आणि वर एक तुकडा चढवा.

मॅटबद्दल थोडक्यात. तिला ताणा-बाणा नाही, त्यामुळे काटकोनाची भीती नाही. पण तिला धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, आणि मग ती ब्रशबरोबर चालायला लागते. टिपा, रोलर फिरवा, ओढू नका. कडा कापण्यापेक्षा हातानं फाडा. फाटलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये तो बाइंडर नीट विरघळत नाही, म्हणून इपॉक्सीसाठी नेहमीची मॅट घेऊ नका.

टेप लावलेल्या कडा लॅमिनेट चामड्यासारखं झालं की धारदार सुरीनं कापून टाका; तेव्हा ते लाकडासारखं कडकही नसतं आणि धागेही ओढले जात नाहीत. सुरीचा दाब साच्याकडे असू द्या, कड वर उचलू देऊ नका. उरलेल्या रोलच्या टोकाला पुन्हा टेप लावा, ढिला न सोडता गुंडाळा आणि दांड्यावर आडवा टांगा.